कन्यादानात उठायचं नाही

लग्न ठरल्याचं मुलीने सांगितलं त्या संध्याकाळी मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, बायकोने देवापुढे साखर ठेवली, आणि माझ्या पोटात कळ आली. मुलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. मुलगा गुजराती, तिच्याच कॉलेजातला, हसरा आणि मुख्य म्हणजे तिचं ऐकणारा होता. कळ आली ती बायकोच्या एका वाक्याने. ती म्हणाली, "आता तुम्हाला कन्यादानाला बसावं लागेल."

बायकोला त्यात कन्या दिसत होती, मला बसणं दिसत होतं. होमासमोर, पाटावर, सोवळं नेसून, भरल्या मांडवात, गुरुजी सोडतील तोवर. त्यात मुलगी माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मला दागिने नकोत, काही नको. फक्त कन्यादानातून उठून जाऊ नका. माझ्या बारशाच्या फोटोत तुम्ही नाही. शाळेच्या बक्षीस समारंभाच्या फोटोत नाही. पदवीच्या फोटोत तर तुमची रिकामी खुर्ची आहे. या एका फोटोत तरी बसा."

आता या प्रत्येक प्रसंगाला मी हजर होतो, हे मला ठामपणे सांगायचं आहे. मी वेळेआधी पोचलेलो होतो. फक्त फोटोच्या क्षणी मी त्या त्या इमारतीच्या मागच्या बाजूला, कडी लावून बसलेलो होतो. तिला मी "बसतो" असं वचन दिलं आणि लगेच उठून आत गेलो.

माझ्या या दुखण्याला डॉक्टर इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. मराठीत चिडकं आतडं म्हणता येईल. बायकोचं म्हणणं, आतडं माणसावर गेलंय. मी चिडका आहे हे मी नाकारत नाही, पण ज्याला रोज सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी आपल्या पोटाची परवानगी घ्यावी लागते, त्याने शांत राहावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

मी वाघोडियाच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन खात्यात होतो. दाब, तापमान, पातळी मोजणारी यंत्रं सांभाळायची, काही बिघडलं तर अलार्म वाजेल याची खात्री करायची, हे माझं काम. आम्ही राहायला बडोद्यात, कारेलीबागेत. कंपनीची बस सोसायटीच्या तोंडाशी यायची आणि हॉर्न द्यायची, आणि हॉर्न ऐकला की माझं पोट हमखास म्हणायचं, एक मिनिट. त्याआधी ते रिकामं झालेलं असो वा नसो, हॉर्न आणि पोट यांचं आपसात काही ठरलेलं होतं. बस थांबायची, पुन्हा हॉर्न व्हायचा, मग समोरच्या बिल्डिंगमधल्या बेन गॅलरीत येऊन ड्रायव्हरला ओरडून सांगायच्या, "भाई, ए अंदर छे!" मी कुठे आत आहे हे सगळ्या सोसायटीला ठाऊक असायचं. शेवटी मी बस सोडली आणि स्कूटर घेतली. कारेलीबाग ते वाघोडिया या रस्त्यावर कुठल्या पंपाचं स्वच्छतागृह उघडं असतं, कुठल्या धर्मशाळेत पाणी असतं आणि कुठल्या कारखान्याचा गेटवाला काही न विचारता आत सोडतो, यावर मी आजही व्याख्यान देऊ शकेन.

घरात या सगळ्याचा एकच फायदा झाला. मुलगी लहान असताना मला घरी फारशी मोकळी भेटायचीच नाही. मी एक तर कामावर किंवा आत. तेव्हा तिने तोडगा काढला. पाट ओढून आणायची, दाराबाहेर बसायची आणि पाढे म्हणायची. शाळा गुजराती, त्यामुळे ती म्हणायची "बे एका बे, बे दु चार", आणि मी आतून मराठीत दुरुस्ती करायचो, "बे एके बे, बे दुणे चार." ती म्हणायची, उत्तर तर तेच आहे ना! मग मी गप्प बसायचो, आणि गप्प बसून पाढे ऐकताना पोटाची कळही हळूहळू उतरायची. पाढा संपला की ती विचारायची, "बाबा, झालं?" तिचे सगळे पाढे असे त्या दाराशी पाठ झाले. पुढे ती गणितात पहिली आली आणि बक्षीस घ्यायला स्टेजवर गेली, तेव्हा मी कुठे होतो ते वर सांगितलंच आहे.

दुखणं काय आहे हे कळायला मला अर्धा जन्म लागला, कारण बडोद्यात पोट ही खाजगी गोष्ट नाही. माझ्या टेबलाशेजारचे सहकारी रोज सकाळी नमस्काराऐवजी विचारायचे, "केम, पेट साफ?" एकाने हरडे दिली, एकाने ओवा आणि संचळ म्हणजे काळं मीठ, एकाने ताकात हिंग. पुण्याच्या मावशीने कुटजारिष्टाच्या बाटल्या पाठवल्या. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी नुसतं माझ्याकडे पाहून "अमिबा" असं निदान केलं. त्यानंतर वर्षानुवर्षं दर पावसाळ्यात मला अमिबाच्या गोळ्या मिळत गेल्या. तोंड कडू व्हायचं, पोट होतं तसंच राहायचं, आणि डॉक्टर म्हणायचे, फार चिवट जात आहे. तपासणीत तो अमिबा कधी कुणाला दिसला नाही. मला त्या प्राण्याबद्दल पुढे पुढे आदर वाटू लागला.

मग मी स्वतः अभ्यास केला, ही सर्वांत मोठी चूक. जे खाल्ल्यावर त्रास झाला ते सोडायचं, असा नियम केला. आधी मिसळ सोडली, मग डाळ, मग पोळी, मग फळं. शेवटी दहीभात आणि उकडलेला बटाटा एवढंच ताटात उरलं आणि दहीभातानेही त्रास होऊ लागला. वजन उतरलं. आता मात्र मला खात्री पटली की हा कॅन्सर आहे आणि मुलीचं लग्न आपण बघत नाही. हे मी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "आधी डॉक्टरला सांगा, मग रडू." आणि दुसऱ्या दिवशी तिनेच पोटविकारांच्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली.

डॉक्टरबाई गुजराती, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं मोजकं. त्यांनी तपासण्याआधी विचारायलाच सुरुवात केली. पोट दुखतं ते जाऊन आल्यावर थांबतं का? दुखतं तेव्हा जाण्याच्या वेळा आणि स्वरूप बदलतं का? रक्त पडतं का? ताप येतो? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर? झोपेतून पोटामुळे उठावं लागतं का?

शेवटच्या प्रश्नावर मी विचारात पडलो. झोपेतून मी कधीच उठलो नव्हतो. रात्री माझं पोट माझ्यापेक्षा शांत झोपायचं. "रविवारी?" त्यांनी विचारलं. रविवारीही त्रास कमी असायचा, पाहुणे येणार नसले तर.

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक रंगीत तक्ता काढून माझ्यासमोर ठेवला. त्यावर मलाचे निरनिराळे आकार चितारलेले होते, लेंड्यांपासून पाण्यापर्यंत. "यातला तुमचा कुठला?" आमचे पणजोबा संस्थानच्या कचेरीत होते. जमीनजुमला काही मागे राहिला नाही, पण चारचौघांत पोटाचं बोलायचं नाही ही शिस्त मात्र आमच्याकडे जशीच्या तशी उतरली आहे. मी खालमानेने एका चित्रावर बोट ठेवलं. बायको शेजारून म्हणाली, "हा सकाळचा. दुपारी तो तिकडचा." इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला इतकं उघडं कधी पाडलं नव्हतं.

रक्ताच्या आणि मलाच्या तपासण्या झाल्या. गव्हाच्या चिकाची ॲलर्जी नाही ना, तेही पाहिलं. वजन उतरलं होतं म्हणून नळीने आतडंही तपासलं. सगळं नॉर्मल. माझा चेहरा पडला. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी खस्ता खाल्ल्या त्याचं कागदावर नावसुद्धा नाही! घरी आता सगळे म्हणणार, तुम्हाला काही झालेलंच नाही. डॉक्टरबाईंनी ते ओळखलं असावं. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या प्लांटमध्ये आग नसताना अलार्म वाजतो का कधी?"

"वाजतो," मी म्हणालो. "सेटिंग खाली गेलं असलं की जरा धूर आला तरी बोंबलतो."

"मग तसंच आहे. आग नाही, म्हणून तपासण्या नॉर्मल. पण अलार्म खरा वाजतोय, तुम्हाला ऐकू येतोय, दुखतंय. डोकं आणि आतडं यांच्यात तारा आहेत, त्या जरा जास्त हुशार झाल्या आहेत. आपण सेटिंग वर नेऊ या. एका दिवसात होणार नाही, आणि पूर्ण जाईल असंही मी सांगत नाही."

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं पोट माझ्या भाषेत समजावून सांगितलं. मी तिथे जवळजवळ रडलो. बायकोने रुमाल दिला.

उपचार अगदी साधे निघाले, म्हणून मला ते आधी पटले नाहीत. जेवणाच्या वेळा पाळायच्या, सावकाश खायचं. इसबगोल थोडं थोडं वाढवत, भरपूर पाण्याबरोबर. चहा कमी. दूध काही आठवडे बंद करून बघायचं, मग कांदा-लसूण, मग राजमा-छोले, पण एका वेळी एकच. आणि ज्याने फरक पडला नाही ते परत सुरू करायचं. "सगळं सोडून बसणं हा उपचार नाही, तेही दुखणंच आहे," त्या म्हणाल्या. माझा दहीभात त्यांनी बंद करवला आणि मी कित्येक दिवसांनी पोळी खाल्ली. कळ येईल असं वाटलं तर घ्यायला एक गोळी दिली. आणि निघताना म्हणाल्या, "तुमचं पोट कशाला सगळ्यांत जास्त घाबरतं? अडकायला. जिथे उठता येणार नाही तिथेच ते बंड करतं. तेव्हा उठायची सोय आधी करून ठेवत जा. सोय आहे म्हटलं की बऱ्याचदा तिची गरज पडत नाही."

हे सगळं मी पाळलं आणि बरं वाटू लागलं. पूर्ण नाही, पण माणसात आलो. दूध माझा शत्रू निघालं, तळकट त्याचा भाऊ. एरवी सगळं चालायचं. अशा वेळी मुलीचं लग्न ठरलं, आणि व्याही निघाले फरसाणवाले.

रावपुऱ्यात त्यांचं दुकान, वर घर. दुकान म्हणजे गल्लीच्या टोकापासून तेलाचा वास घेत सरळ जावं, चुकायचं कारण नाही. पहिल्या भेटीला आम्ही जिना चढून गेलो तर वर टेबलाला टेबलं जोडलेली. खमण, भाकरवडी, लीलो चेवडो, सेव-उसळ, आणि प्रत्येकासमोर बासुंदीची वाटी. व्याही स्वतः बसले नाहीत. ते हातात ताट घेऊन पाहुण्यांच्या मागे फिरत होते, हे त्यांचं सगळ्यांनाच कौतुक वाटलं. मी म्हणालो, "नको नको, पुरे." गुजराती घरात "नको नको" या शब्दांचा अर्थ, अजून आग्रह करा, एवढाच होतो. "अरे लो ने वेवाई, शुं शरमाओ छो! अमारे त्यां आवीने भूख्या न रहेवाय!" असं म्हणत त्यांनी माझी ताटली भरायला घेतली.

त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं की माझं पोट नाजूक आहे. पण समोर विहीण, तिच्या जावा, त्यांच्या लेकी. आणि आमच्या पणजोबांची शिस्त. माझ्या तोंडून निघालं, "आज माझा गुरुवार आहे. उपवास."

सगळं थांबलं. विहीणबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. व्याह्यांनी ताट खाली ठेवलं. माझी मुलगी माझ्याकडे बघत होती, कारण मी आयुष्यात एक उपवास केलेला नाही. मला वाटलं, सुटलो. बायकोने टेबलाखालून पायावर पाय दिला, त्याचा अर्थ मला नंतर कळला. बडोद्यात राहून मला एवढं समजायला हवं होतं की इथे उपवास म्हणजे खाणं बंद होत नाही, फक्त दुसऱ्या कढईत सुरू होतं. पाव तासात खालून साबुदाण्याची खिचडी आली, राजगिऱ्याच्या पुऱ्या आल्या, फराळी चेवडा, तळलेली केळी, आणि भांडंभर श्रीखंड. "बधुं फराळी छे, वेवाई! बेफिकर थईने लो." मला सोसणार नाही ते सगळं माझ्यासमोर आलं होतं, आणि आता नाकारायला देवाचाही आधार उरला नव्हता. मी खाल्लं. घरी कसा पोचलो ते माझी स्कूटर जाणते.

पुढच्या वेळी मंगळवारी बोलावणं आलं, तेव्हा शहाण्या माणसाने गुरुवार नाही म्हणून जेवायला हवं होतं. मी म्हणालो, आज निर्जळी आहे. यानंतर माझी कीर्ती पसरली. विहीणबाई नातेवाइकांना सांगू लागल्या, आमचे वेवाई फार धर्मिष्ठ आहेत, आठवड्यातून दोनदा काही घेत नाहीत. त्यांच्या एका आतेसासूबाईंनी माझ्या पायांना हात लावला. आणि लग्नाची बोलणी करायला बसलो तेव्हा व्याही हात जोडून म्हणाले, की हल्ली सगळे अर्ध्या तासात विधी उरकतात, पण मुलीकडचे इतके आचारधर्माचे असताना आपण काही कमी करायचं नाही. कन्यादान पूर्ण महाराष्ट्रीय पद्धतीने, एकही मंत्र न गाळता होईल. विहीणबाईंनी मान डोलावली. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी प्यायला उठलो.

लग्नाची जागा निवडताना मी हट्टाला पेटलो. पार्टी प्लॉट मी एकजात नाकारले, कारण तिथली स्वच्छतागृहं स्वयंपाकाच्या मंडपामागे, मैदान ओलांडून असतात. बायकोला मी कारण सांगितलं की उघड्यावर होमाचा धूर उडतो. शेवटी एक हॉल बघायला आम्ही आणि व्याही एकत्र गेलो. मॅनेजर स्टेज, दिवे, झुंबर दाखवत होता. मी स्टेजमागच्या दाराकडे सरकलो, तर व्याही तिकडूनच बाहेर येत होते. "साफ छे," ते मला म्हणाले. "पाणी पण आवे छे." खाण्याच्या धंद्यातला माणूस, स्वच्छतेचा भोक्ता असणार, असं मला वाटलं. हॉल तिथल्या तिथे ठरला.

तरी भीती जाईना. मुहूर्त जवळ आला तसं पोट पुन्हा हॉर्न ऐकू लागलं. घरात मांडवाचं तोरण लागलं आणि मी आत. मुलगी एक दिवस त्या दाराशी आली. पाट नव्हता आणला, उभीच होती. म्हणाली, "बाबा, मी गुरुजींशी बोललेय."

"काय बोललीस?" मी आतून ओरडलो.

"खरं ते. ते म्हणाले, यात लाजण्यासारखं काही नाही, शास्त्राने अडचणीची सोय ठेवलेली आहे. तुम्ही फक्त कानाला हात लावायचा. ते सगळ्यांना सांगतील की आता वधूपित्याने कुलदैवताला एकांतात नमस्कार करून यायचं आहे. हात-पाय धुऊन या, पुढे सुरू. कुणाला कळणार नाही."

आमच्याकडे जानवं कानावर चढवून जायची रीत होतीच. त्यामुळे खूण मला चटकन पटली. सोवळ्याची व्यवस्था बायकोने केली. तिने शिवलेलं सोवळं आणलं, निऱ्या जागच्या जागी आणि कमरेला इलॅस्टिक. डॉक्टर, गुरुजी आणि शिंपी असे तिघे पाठीशी उभे राहिल्यावर मला बराच धीर आला.

लग्नाच्या सकाळी मी गोळी घेतली, कन्यादानाचा उपवास होता तो आनंदाने धरला, आणि पाटावर बसलो. शेजारी बायको. समोर जावई, आणि त्याच्या बाजूला माझी मुलगी, पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून. मंत्र सुरू झाले. मी पोटाकडे कान लावून बसलो होतो. गणपतीपूजन झालं, पोट गप्प. पुण्याहवाचन झालं, गप्प. गुरुजींनी खरोखरच एकही मंत्र गाळला नाही आणि पोटाने हूं की चूं केलं नाही. उठायची सोय होती ना! डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. फोटोग्राफर समोर आला, मी त्याच्याकडे पाहून चक्क हसलो.

मग गुरुजी म्हणाले, मुलीचा हात हातात घ्या. मी घेतला. तिच्या हाताला मेंदीचा वास होता आणि हात गार पडला होता. आणि मला एकदम भरून आलं. ओठ आवळले, डोळे मिटले, कपाळाला घाम आला. मी तसाच बसून राहिलो, कारण वचन होतं. पण माझा तो चेहरा माझ्या मुलीने आयुष्यभर पाहिलेला होता, आणि त्याचा एकच अर्थ तिला माहीत होता. तिने हळूच हात सोडवला आणि स्वतःच्या कानातल्या झुमक्याला लावला, गुरुजींकडे बघत.

"नाही, नाही," मी पुटपुटलो.

"आता वधूपित्याने," गुरुजींनी खणखणीत आवाजात जाहीर केलं, "कुलदैवताला एकांतात नमस्कार करून यायचं आहे!"

मांडव अदबीने बाजूला झाला. विहीणबाईंनी हात जोडले. आता उठलो नाही तर कुलदैवताचा अपमान होणार होता. मी उठलो आणि स्टेजमागे गेलो, आत शिरलो, सवयीने कडी लावली.

पोटाला काही म्हणायचं नव्हतं. मी नुसताच उभा राहिलो. बाहेर लांबून सनई ऐकू येत होती. बाकी शांत होतं. कडी लावली की बाहेरून पाढा सुरू व्हायचा, याची माझ्या कानांना इतकी सवय होती की मी वाट बघत उभा आहे हे मला जरा वेळाने कळलं. मग मात्र मी रडलो. सोवळ्याच्या टोकाने डोळे पुसत, नळ सोडून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मुलगी सासरी चालली आहे हे मला मांडवात नाही, तिथे कळलं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "वेवाई, थई गयुं? जरा जल्दी करजो!"

त्या आवाजातली निकड मी ओळखली. जन्मभर मी त्याच आवाजात लोकांची दारं ठोठावली आहेत. कडी काढली तर बाहेर व्याही, शेरवानी घातलेले, घामाघूम. त्यांनी डोक्यावरचा साफा काढून माझ्या हातात दिला आणि आत गेले.

"मांडवात काय सांगून आलात?" मी बाहेरून विचारलं.

"अमारामां पण आ विधि छे, एम कह्युं," आतून आलं. म्हणजे त्यांच्यातही हा विधी होता! मग म्हणाले, "वेवाई, कोणाला बोलू नका हं. फरसाणवाल्याचं पोट खराब आहे असं बाजारात कळलं तर दुकानाला कुलूप लागेल." ते मराठीत बोलत होते, रावपुऱ्यात आयुष्य गेलेलं. स्वतःच्या दुकानातलं त्यांना काहीच चालत नव्हतं. मूग-भात खाऊन राहायचे. लोकांच्या मागे ताट घेऊन फिरायचे, म्हणजे स्वतः बसावं लागत नाही. "घरात पण कोणाला माहीत नाही. तुमच्या मुलीने मला पकडलं. साड्या घ्यायला गेलो होतो तिथे. मला म्हणाली, पप्पा, माझ्या ओळखीचं एक माणूस आहे, त्याला पण असंच होतं. डॉक्टरकडे तीच घेऊन गेली. ते माणूस कोण, ते मला आज तुमचं तोंड बघून कळलं."

मी साफा धरून उभा होतो. तिने आम्हा दोघांची गुपितं सांभाळली होती आणि दोघांना एकमेकांसमोर महिनोन्‌महिने नाटक करू दिलं होतं. मला तिचा राग यायला हवा होता, पण तो आला नाही.

"वेवाई, ऊभा छो ने?" आतून आवाज आला.

"उभा आहे."

"काहीतरी बोला ना. ती बाहेरून बोलते तर बरं वाटतं. पाढे म्हणते."

पिवळं सोवळं, खांद्यावर उपरणं, हातात गुजराती साफा, आणि आत मुलीचे सासरे. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

"बे एके बे," मी म्हणालो.

"बे दु चार," आतून आलं.

मी दुरुस्ती केली नाही. आम्ही तो पाढा शेवटपर्यंत म्हटला. मग मी विचारलं, झालं का, आणि ते झालं म्हणाले. बाहेर आल्यावर मी त्यांच्या डोक्यावर साफा नीट बसवून दिला, त्यांनी माझं उपरणं सारखं केलं, आणि आम्ही दोघे बरोबरच मांडवात आलो. आतेसासूबाई दोघांकडे भक्तिभावाने बघत होत्या.

मी पाटावर बसलो. मुलीने पुन्हा हात पुढे केला. तो आता गार नव्हता. माझे लाल डोळे तिने पाहिले, मागे आपल्या जागी बसणाऱ्या सासऱ्यांकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं असावं, कारण तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. ती अगदी हळू, मलाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, झालं?"

"झालं," मी म्हणालो. मग बायकोने झारीतून माझ्या हातावर पाण्याची धार सोडली आणि फोटोग्राफरने फोटो काढला.